पावसाळापूर्व पाहणी आणि मुंबईतील जुनी घरे : हवामान व इमारत-तपासणी यांच्या परस्परसंबंधाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या किनारपट्टीवर घराचे आयुष्य वर्षांपेक्षा पावसाळ्यांत मोजण्याची रीत आहे. 'या घराने इतके पावसाळे पाहिले' हा वाक्प्रयोग केवळ अलंकारिक नाही. वर्षाचे आठ महिने कोरडे आणि चार महिने अखंड ओले अशा हवामानात भिंत, छप्पर व वासे यांची खरी कसोटी जून ते सप्टेंबर या काळातच लागते. त्यामुळे घराची पाहणी कधी करावयाची, ती कोणी करावयाची आणि तिच्यातून निघालेला निष्कर्ष कोणावर बंधनकारक मानावयाचा, हे प्रश्न या प्रदेशात ऋतुचक्राशी जोडले गेले.

मुंबई शहरात या प्रश्नांना विशेष तीव्रता प्राप्त झाली. दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर होते, रहिवाशांना घरे रिकामी करण्याच्या सूचना दिल्या जातात आणि तरीही पावसाळ्यात इमारती कोसळून माणसे मृत्युमुखी पडतात. या घटनाक्रमाची चर्चा प्रामुख्याने प्रशासनाची उदासीनता, घरमालकांचा लोभ किंवा भाडेकरूंचा हट्ट या अंगाने होत आली आहे. ही तिन्ही कारणे आपापल्या जागी खरी आहेत. परंतु ज्या पाहणीवर ही सर्व व्यवस्था उभी आहे ती पाहणी स्वतःच हवामानाच्या अधीन आहे, या बाबीकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. प्रस्तुत शोधनिबंधात या दुर्लक्षित अंगाचा ऐतिहासिक क्रमाने विचार करण्यात आला आहे.

उद्दिष्टे व गृहीतक

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे तीन आहेत. पहिले, घराच्या ऋतुनिष्ठ पाहणीची जबाबदारी घरधन्याकडून शासनाकडे कशी सरकत गेली हे पाहणे. दुसरे, हवामानाचा इमारतीवर, तपासणीच्या साधनांवर आणि रहिवाशांच्या निर्णयावर होणारा परिणाम वेगवेगळा करून मांडणे. तिसरे, पावसाळापूर्व पाहणीच्या प्रचलित वेळापत्रकाची चिकित्सा करणे.

हे वेळापत्रक इमारतीच्या स्वभावापेक्षा प्रशासनाच्या सोयीने घडले असून, एकाच वेळी केलेल्या कोरड्या ऋतूतील पाहणीतून इमारतीची अर्धीच स्थिती कळते, असे गृहीतक येथे स्वीकारले आहे.

अभ्यासाची व्याप्ती प्रामुख्याने मुंबई शहरापुरती मर्यादित असून, आवश्यक तेथे महाड, भिवंडी व विरार येथील घटनांचा तुलनेसाठी आधार घेतला आहे. मांडणी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक स्वरूपाची आहे.

घरधन्याची पाहणी : शाकारणीची परंपरा

शासकीय तपासणीचा जन्म होण्यापूर्वीही घराची पाहणी होत असे. कोकणात व मुंबई बेटांवरील जुन्या वस्त्यांत मृग नक्षत्रापूर्वी घर शाकारण्याची प्रथा होती. गवताचे किंवा झापांचे छप्पर असेल तर नवे गवत व झावळ्या घालणे, कौलारू घर असेल तर कौले परतणे, फुटकी कौले बदलणे, वाशांना वाळवी लागली आहे काय ते ठोकून पाहणे, पन्हळी साफ करणे, भिंतींना पावसाची झड लागू नये म्हणून बाजूने झडपा बांधणे, ही सर्व कामे वैशाख-ज्येष्ठात उरकली जात.

वरवर पाहता ही दुरुस्ती होती. वस्तुतः तीच पाहणीही होती. कौल उचलल्याशिवाय त्याखालची रीप कुजली आहे की नाही हे दिसत नाही. शाकारणीच्या निमित्ताने छप्पर वर्षातून एकदा उघडले जात असे आणि घराचा सर्वांत नाजूक भाग डोळ्यांखालून जात असे.

या परंपरेची दोन वैशिष्ट्ये पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहेत. एक म्हणजे पाहणारा, खर्च करणारा आणि त्या घरात राहणारा हे तिघेही बहुधा एकाच कुटुंबातील असत. दुसरे असे की कोरड्या दिवसांतील पाहणीला मागच्या पावसाळ्याच्या अनुभवाची जोड असे. गेल्या श्रावणात पाणी कोठे ठिबकले, कोणत्या कोपऱ्यात भांडे ठेवावे लागले, हे घरातल्यांच्या स्मरणात असे आणि तेथलेच कौल आधी उचलले जाई. ओल्या ऋतूतील निरीक्षण व कोरड्या ऋतूतील दुरुस्ती अशी ही जोडी होती. शहरात पुढे ही जोडी तुटली.

वसाहतकालीन तपासणी : कायदा, प्लेग आणि परका निरीक्षक

मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या अधिनियमाने पडण्याच्या बेतात असलेल्या वास्तूंबाबत कारवाईचा अधिकार आयुक्तांना दिला. कलम ३५४ अन्वये अशी वास्तू पाडणे, सुरक्षित करणे किंवा दुरुस्त करणे यासाठी मालकाला अथवा भोगवटादाराला सूचना देता येते. आजही या कलमाखाली सूचना काढल्या जातात, यावरून त्याचे महत्त्व लक्षात यावे. मात्र या तरतुदीतील भूमिका प्रतिक्रियात्मक होती. वास्तू धोकादायक दिसली की कारवाई, असा तिचा क्रम होता. ती धोकादायक होण्यापूर्वी नियमाने पाहत राहण्याची कल्पना तीत नव्हती.

सामान्य माणसाच्या घरात सरकारी निरीक्षकाचा व्यापक प्रवेश झाला तो प्लेगच्या निमित्ताने. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग अधिनियम संमत झाला. मुंबईत व पुण्यात घरझडत्या सुरू झाल्या. घरे चुन्याने धुणे, जमिनी उकरणे, ऊन आत यावे म्हणून कौले काढणे आणि राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर तशी खूण करून ती बंद करणे, असे उपाय योजले गेले. पुण्यातील झडत्यांची परिणती २२ जून १८९७ रोजी रँड यांच्यावरील हल्ल्यात झाली, हा इतिहास सर्वश्रुत आहे.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या प्रकरणातील ऋतूचा संबंध लक्षणीय आहे. मुंबईत प्लेगचा जोर हिवाळ्याच्या अखेरीस व उन्हाळ्याच्या आरंभी वाढे आणि पुढे ओसरे. तपासणीचा हंगाम रोगाच्या हंगामाने ठरे. कौले काढून घरात ऊन घेण्याचा उपाय कोरड्या दिवसांतच शक्य होता. पावसाळ्याच्या तोंडावर तोच उपाय घर उद्ध्वस्त करणारा ठरला असता. म्हणजे जी कौले घरधनी पावसापासून रक्षणासाठी परतत असे, तीच कौले निरीक्षक रोगापासून रक्षणासाठी उतरवीत असे. एकाच छपराकडे पाहण्याच्या या दोन दृष्टींमधील अंतर पुढील काळातही मिटले नाही. तपासणीस येणारा मनुष्य घर वाचविण्यासाठी नव्हे तर घराबाहेर काढण्यासाठी येतो, हा समज जनमानसात रुजण्यास या काळाचा मोठा हातभार लागला असे म्हणता येईल.

१८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई सुधार विश्वस्त मंडळाने दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते व नव्या चाळी उभारल्या. १९२० मध्ये स्थापन झालेल्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या. या प्रयत्नांत हवा व उजेड या निकषांना प्राधान्य होते. पाण्याने होणारी झीज हा प्रश्न त्या नव्या इमारतींपुढे अद्याप यावयाचा होता.

भाडेनियंत्रण आणि तुटलेला दुवा

मुंबईतील जुन्या इमारतींच्या इतिहासात १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा हा निर्णायक टप्पा होय. या कायद्याने भाडे सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधले गेले. युद्धोत्तर टंचाईच्या व फाळणीच्या काळात लक्षावधी लोकांना या कायद्याने निवारा टिकवून दिला, हे त्याचे श्रेय नाकारता येणार नाही. तथापि, काळाच्या ओघात भाड्याचे उत्पन्न आणि दुरुस्तीचा खर्च यांत इतकी तफावत पडली की छपराकडे पाहण्यात मालकाचे हितच उरले नाही. दुसरीकडे भाडेकरूला खोलीवर हक्क होता. छप्पर, जिना, मोरीचा निचरा व बाहेरची भिंत यांवर मात्र अधिकार नव्हता. पागडी देऊन घेतलेली खोली तो आपलीच समजे, पण गच्चीवरचा कोबा कोणाचा, या प्रश्नाला उत्तर नव्हते.

शाकारणीच्या परंपरेत एकवटलेल्या तीन भूमिका येथे पूर्णतः विलग झाल्या. राहणारा एक, मालक दुसरा आणि पाहणारा तिसरा. गळती ज्याच्या डोक्यावर होते तो दुरुस्ती करू शकत नाही; ज्याने करावी त्याला गळती दिसत नाही; आणि जो पाहावयास येतो तो गळती थांबल्यानंतर येतो. पुढील सर्व पेच या विभागणीतून निर्माण झाले.

शासनाकडे आलेली जबाबदारी

१९६० च्या दशकात जुन्या इमारती कोसळण्याचे प्रकार वाढले. राज्य शासनाने नेमलेल्या बेडेकर समितीच्या शिफारशींनंतर १९६९ चा मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ अधिनियम संमत झाला. इमारतींवर दुरुस्ती उपकर बसविण्यात आला आणि त्या बदल्यात संरचनात्मक दुरुस्तीची जबाबदारी मंडळाकडे आली. खासगी मालकीच्या इमारतींची दुरुस्ती शासकीय यंत्रणेने करावयाची, ही त्या काळी अभिनव व्यवस्था होती.

उपकरप्राप्त इमारतींची मूळ संख्या १९,६४२ इतकी होती. त्यांपैकी १ सप्टेंबर १९४० पूर्वी बांधलेल्या 'अ' वर्गातील १६,५०२, त्यानंतर १९५० पर्यंतच्या 'ब' वर्गातील १,४८९ आणि १९५१ ते १९६९ या काळातील 'क' वर्गातील १,६५१ इमारती होत्या. १९७६ च्या अधिनियमानुसार ५ डिसेंबर १९७७ रोजी महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरण, म्हणजेच म्हाडा, अस्तित्वात आले व हे काम त्याच्या कक्षेत गेले. १९९२ च्या पुनर्रचनेत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ पुन्हा स्वतंत्रपणे कार्यरत झाले.

दर वर्षी पावसाळ्यापूर्वी या इमारतींचे सर्वेक्षण करून अतिधोकादायक इमारतींची यादी प्रसिद्ध करणे, रहिवाशांना संक्रमण शिबिरांत हलविणे आणि पावसाळ्यात अहोरात्र नियंत्रण कक्ष चालविणे, हा मंडळाच्या कामाचा ठरलेला क्रम बनला. उपकरप्राप्त नसलेल्या इमारतींबाबत महापालिका आपली यादी काढते. तीत सी-१ म्हणजे तातडीने रिकामी करून पाडावयाची, सी-२ अ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती करावयाची, सी-२ ब म्हणजे रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्ती करावयाची आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची, असे वर्ग आहेत. महापालिका अधिनियमात पुढे समाविष्ट झालेल्या कलम ३५३ ब नुसार ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणीही आवश्यक ठरली.

अशा रीतीने घरधन्याची वैशाखातील पाहणी शासनाने आपल्याकडे घेतली. तिचा काळ तोच राहिला. मात्र मागच्या श्रावणाची आठवण तिच्यात राहिली नाही.

हवामानाचा त्रिविध परिणाम

अ) इमारतीवर : 'अ' वर्गातील बहुसंख्य इमारती लाकडी सांगाडा, विटांच्या भाराच्या भिंती आणि चुन्याचा दर्जा अशा बांधणीच्या आहेत. तुळईचे टोक भिंतीत जेथे शिरते तेथे ओल साठून राहते. लाकडातील ओलाव्याचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिले की बुरशी वाढते व लाकूड आतून पोकळ होते. हा भाग गिलाव्याआड असल्याने बाहेरून दिसत नाही. मोऱ्या व संडास असलेल्या मागील बाजूस ही झीज बाराही महिने चालू असते.

सिमेंट काँक्रीटच्या इमारतींत प्रक्रिया निराळी असली तरी पाणी हेच तिचे माध्यम आहे. हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे काँक्रीटचा अल्कधर्मी गुण कमी होतो, समुद्राकडील हवेतून क्षार आत शिरतात आणि सळ्या गंजू लागतात. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असल्याने काँक्रीट आतून फुटते व त्याचे पोपडे सुटतात. कोरड्या व ओल्या ऋतूंची आलटून-पालटून येणारी साखळी या प्रक्रियेला विशेष पोषक असते.

यात भाराचाही विचार करावा लागतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी साचले तर त्याचे वजन एक किलो होते. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवरील निचरा तुंबून १०० मिलिमीटर पाणी साचल्यास छतावर १० टन अधिक भार येतो. त्याच वेळी पाणी प्यालेल्या विटांची ताकद घटलेली असते. भार वाढणे व ताकद घटणे या दोन्ही गोष्टी एकदम घडतात आणि त्या मे महिन्यातील पाहणीच्या दिवशी अस्तित्वात नसतात.

आ) तपासणीच्या साधनांवर : डोळ्यांनी केलेली पाहणी अपुरी म्हणून यांत्रिक चाचण्यांचा आग्रह धरला जातो. परंतु या चाचण्याही हवामानापासून मुक्त नाहीत. काँक्रीटच्या पृष्ठभागावर हातोडीच्या उसळीने ताकद अजमावण्याची चाचणी ओल्या पृष्ठभागावर केली तर कोरड्या काँक्रीटच्या तुलनेत सुमारे २० टक्क्यांपर्यंत कमी ताकद दाखवू शकते, असे भारतीय मानक १३३११ च्या १९९२ मधील दुसऱ्या भागात नमूद केले होते. याउलट ध्वनिलहरींच्या वेगावरून दर्जा ठरविण्याच्या चाचणीत पाण्याने संपृक्त झालेले काँक्रीट सुमारे दोन टक्क्यांपर्यंत अधिक वेग दाखविते, असे त्याच मानकाचा पहिला भाग सांगत होता. या मानकांची जागा पुढे सुधारित मानकांनी घेतली असली तरी त्यांमागील भौतिक वस्तुस्थिती बदललेली नाही. सळ्यांच्या गंजाची शक्यता अजमावण्यासाठी घेतले जाणारे विद्युत विभवाचे वाचनही काँक्रीटमधील ओलाव्यानुसार बदलते.

तात्पर्य असे की, एकाच खांबाविषयी मे महिन्यातील व ऑगस्टमधील अहवाल भिन्न येऊ शकतात आणि दोन्ही प्रामाणिक असू शकतात. मालकाचा अभियंता इमारत पाडण्याजोगी आहे असे म्हणतो आणि भाडेकरूंचा अभियंता ती दुरुस्त होण्याजोगी आहे असे म्हणतो, तेव्हा वाद हेतूंचा मानला जातो. असे परस्परविरोधी अहवाल आल्यास महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे प्रकरण जाते. त्या वेळी तपासणीची तारीख, त्या दिवसाचे हवामान व पृष्ठभागाची स्थिती यांची तुलना करणे तितकेच आवश्यक आहे.

इ) रहिवाशांवर : यादी प्रसिद्ध होते ती मे-जूनमध्ये. घर रिकामे करण्याची सूचना हाती पडते तेव्हा शाळा सुरू होण्याच्या बेतात असतात, पाऊस तोंडावर आलेला असतो आणि संक्रमण शिबिर बहुधा दूरच्या उपनगरात असते. ज्या हवामानाच्या भीतीने घर सोडावयाचे, तेच हवामान घर सोडणे कठीण करते. शिवाय कौटुंबिक कारणाने किंवा गावी गेल्यामुळे मे महिन्यात अनेक खोल्या बंद असतात. चाकरमान्यांच्या चाळींत तर हा काळ कोकणात जाण्याचाच असल्याने निरीक्षकाला सर्व खोल्या आतून पाहता येणे साहजिकच दुरापास्त होते.

याहून खोल असलेले कारण हक्काच्या भीतीचे आहे. महापालिकेने पाडण्याचा आदेश दिलेली जागा हे भाडेनियंत्रण कायद्यात ताबा परत मिळविण्याचे एक कारण मानलेले आहे. पुन्हा प्रवेशाच्या तरतुदी कायद्यात असल्या, तरी संक्रमण शिबिरांत वर्षानुवर्षे राहिलेली कुटुंबे भाडेकरूच्या डोळ्यांसमोर असतात. म्हणून तो छताच्या गळतीखाली भांडे ठेवतो, निळी ताडपत्री बांधतो, खांबाला टेकू लावतो; परंतु निरीक्षकाला गळती दाखविण्यास बिचकतो. पाहणीचा सर्वांत विश्वसनीय साक्षीदार अशा रीतीने मौन पत्करतो.

वेळापत्रक आणि दुर्घटना

गेल्या काही वर्षांतील प्रमुख दुर्घटनांच्या तारखा पाहिल्या असता वेळापत्रकाचा प्रश्न अधिक स्पष्ट होतो. २७ सप्टेंबर २०१३ रोजी माझगाव येथील बाबू गेनू मंडईची महापालिकेची इमारत कोसळून ६१ जण मृत्युमुखी पडले. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपर येथील सिद्धी साई इमारत कोसळून १७ जणांचा बळी गेला. त्याच वर्षी २९ ऑगस्टच्या अतिवृष्टीनंतर दोन दिवसांनी, ३१ ऑगस्टला, भेंडीबाजारातील हुसैनी इमारतीत ३३ जण दगावले. डोंगरी येथील इमारत १६ जुलै २०१९ रोजी, तर फोर्ट येथील भानुशाली इमारतीचा भाग बरोबर वर्षाने, १६ जुलै २०२० रोजी कोसळला. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाड येथे, २१ सप्टेंबर २०२० रोजी भिवंडी येथे, २७ जून २०२२ रोजी कुर्ला येथे आणि ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस विरार येथे अशाच घटना घडल्या.

या नऊ घटनांपैकी पाच घटना ऑगस्टच्या उत्तरार्धात किंवा सप्टेंबरमध्ये घडलेल्या आहेत. एवढ्या निवडक उदाहरणांवरून सांख्यिकी नियम मांडणे योग्य ठरणार नाही. तथापि, पावसाचे पाणी भिंतींत व लाकडांत मुरत जाऊन त्याचा परिणाम हंगामाच्या उत्तरार्धात साचतो, या बांधकामशास्त्रीय आकलनाशी हे चित्र सुसंगत आहे. पावसाळापूर्व पाहणीला या टप्प्यापर्यंत तीन ते चार महिने उलटून गेलेले असतात. इमारत मात्र त्याच काळात सर्वाधिक बदललेली असते.

येथे दोन खबरदाऱ्या नोंदविणे आवश्यक आहे. पहिली अशी की, पाऊस हे बहुधा अंतिम निमित्त असते, एकमेव कारण नव्हे. माझगाव व घाटकोपर या दोन्ही प्रकरणांत तळमजल्यावर केलेल्या अंतर्गत बदलांकडे बोट दाखविले गेले. महाडची इमारत तर जेमतेम काही वर्षांपूर्वीची होती. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्रा येथील लकी कंपाउंडमधील अनधिकृत इमारत कोसळून ७४ जण ठार झाले, तेव्हा पावसाचा थेंबही नव्हता. सर्व दोष आभाळावर टाकणे म्हणजे मानवी जबाबदारीला सोयीस्कर बगल देणे होय.

दुसरी खबरदारी यादीतील आकड्यांविषयीची आहे. म्हाडाने २०२४ मध्ये २० उपकरप्राप्त इमारती अतिधोकादायक घोषित केल्या होत्या. २०२५ मध्ये ही संख्या ९६ झाली. एका वर्षात इमारतींची अवस्था जवळजवळ पाचपट बिघडली असे कोणी म्हणणार नाही. यादीतील आकडा जसा इमारतींच्या जीर्णतेचा निदर्शक असतो, तसाच तो पाहणीच्या पद्धतीचा व काटेकोरपणाचाही निदर्शक असतो. यादीत नाव नसणे म्हणजे इमारत सुरक्षित असणे नव्हे, हा याचा व्यावहारिक अर्थ आहे.

बदलता पावसाळा

पावसाळापूर्व पाहणीची संपूर्ण रचना पाऊस ठरल्या वेळी येईल या विश्वासावर उभी आहे. भारतीय हवामान विभागाच्या सुधारित वेळापत्रकानुसार मुंबईत मोसमी पावसाच्या आगमनाची सर्वसाधारण तारीख ११ जून, तर परतीची ८ ऑक्टोबर अशी आहे. परतीची पूर्वीची तारीख सप्टेंबर अखेरची होती. म्हणजे इमारती ओल्या राहण्याचा अधिकृत कालावधीच लांबला आहे.

२०२५ मध्ये २६ मे रोजीच मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला. उपलब्ध नोंदींतील ते सर्वांत लवकरचे आगमन ठरले. कुलाबा येथे मे महिन्यातील पावसाचा १९१८ पासूनचा विक्रमही त्याच वर्षी मोडला. जो महिना पाहणीसाठी व स्थलांतरासाठी राखून ठेवलेला, तोच पावसाने व्यापला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला असताना कुलाब्यात तो अवघा ७३ मिलिमीटर होता. एकाच शहरातील दोन वेधशाळांमधील हे अंतर पाहता, संपूर्ण शहरासाठी एकच तारीख व एकच धोका गृहीत धरणे कितपत योग्य आहे, हा प्रश्न उपस्थित होतो.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) घराची ऋतुनिष्ठ पाहणी ही शासनाची देणगी नसून लोकपरंपरेचा वारसा आहे. मूळ परंपरेत राहणारा, पाहणारा व दुरुस्त करणारा यांचे हित एक होते. वसाहतकालीन घरझडत्यांनी निरीक्षकाला परका केले आणि भाडेनियंत्रणाच्या काळात मालक व छप्पर यांचा संबंध तुटला.

२) १९६९ नंतर शासनाने पाहणीचा हंगाम स्वीकारला, परंतु त्या हंगामामागील ओल्या दिवसांचे निरीक्षण स्वीकारले नाही. परिणामी मे महिन्यातील पाहणी ही पावसाळ्याविना झालेली पावसाळ्याची परीक्षा ठरते.

३) हवामान इमारतीवर जसा परिणाम करते तसाच चाचणीच्या वाचनावरही करते. म्हणून प्रत्येक संरचनात्मक अहवालात तपासणीची तारीख, त्या काळातील पर्जन्यमान व पृष्ठभागाचा ओलावा यांची नोंद सक्तीची असावयास हवी.

४) पाहणी दोन वेळा होणे आवश्यक आहे : एकदा ऑगस्टमध्ये, जेव्हा गळती, ओल व भिंतींचे फुगणे प्रत्यक्ष दिसते, आणि एकदा हिवाळ्याच्या आरंभी, जेव्हा त्या नोंदींच्या आधारे गिलावा उकलून तुळयांची टोके व सळ्या तपासता येतात. हिवाळ्यात सूचना मिळाल्यास स्थलांतरासाठी व दुरुस्तीसाठी सहा महिने हाती राहतात आणि मुलांचे शैक्षणिक वर्षही नव्या ठिकाणी सुरू करता येते.

५) भाडेकरूचा हक्क पाहणीपूर्वीच लेखी व निर्विवाद नोंदविला गेला, तर तो गळती लपविणार नाही. सुरक्षिततेचा प्रश्न हा येथे मालमत्तेच्या हक्काच्या प्रश्नाशी अभिन्नपणे निगडित आहे.

इमारत कोसळल्यावर ती यादीत होती की नव्हती, याची चौकशी प्रथम होते. तिच्या तिसऱ्या मजल्यावरील गृहिणीला गेल्या श्रावणात कोणत्या कोपऱ्यात पातेले ठेवावे लागले होते, याची चौकशी मात्र यादी करतानाही होत नाही आणि नंतरही होत नाही. कौले परतणाऱ्या घरधन्याला जी माहिती विनासायास उपलब्ध होती, ती आजच्या तपासणीच्या नमुन्यात एका रकान्याच्या रूपाने तरी समाविष्ट व्हावी, एवढी माफक अपेक्षा या अभ्यासाच्या अखेरीस व्यक्त करणे अप्रस्तुत ठरू नये.